पहिली ईपी: दुसऱ्या गाण्यातील धुके आणि वाड्याचा चौक

दुसरे गाणे अखेर ऐकण्याजोगे झाले आहे. गिटारचे चार थर ध्वनिमुद्रित झाल्याचे मागच्या नोंदीत कळवले होते. त्यानंतर आमच्या पहिल्या ब्लॅक मेटल ईपीचे (छोट्या अल्बमचे) सारे काम याच गाण्यापाशी अडून राहिले, कारण ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान ठेका, सुरू होताच स्नेअर ड्रमचा कडक ठोका बुडत असे आणि ट्रेमोलो रिफचा, म्हणजे गिटारवर भराभर छेडलेल्या स्वरावलीचा, चिकट झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखा गोळा होत असे.

अडचण आकड्यांत मांडली की लगेच ध्यानात येते. लय मिनिटाला २०० बीट्सची आहे आणि प्रत्येक बीटमागे चार आघात आहेत, म्हणजे दोन आघातांत ७५ मिलिसेकंदांचे अंतर उरते. त्यावर चार सेकंदांचा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या जागेत घुमल्यासारखा नाद, टाकला, तर एका आघाताचे शेपूट विरेपर्यंत पन्नासहून अधिक नवे आघात त्यावर येऊन पडतात. रिफमधला स्वर बदलला तरी आधीचा मागे रेंगाळतच राहतो. त्यातच गिटार डी ट्यूनिंगमध्ये असल्यामुळे खर्जाची तार ७३ हर्ट्झवर, किकच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) अगदी शेजारी येते. डिस्टॉर्शनच्या (गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या परिणामाच्या) आधी रिव्हर्ब लावण्याची सूचना येथे काहींनी केली होती. संथ प्रस्तावनेत ती विलक्षण शोभली. वेगवान भागात मात्र डिस्टॉर्शनने आवाज दाबला जाऊन शेपूट मूळ स्वराइतकेच मोठे झाले. रिव्हर्बच्या वाटेवर ३०० हर्ट्झखालचा भाग कापला, तेव्हा किक मोकळी झाली, पण गिटारमधली खोलीच नाहीशी झाली. वातावरण नसलेले वातावरणीय ब्लॅक मेटल कोणी का ऐकावे?

तेव्हा ड्रम प्रोग्रॅम करणाऱ्या मित्राने ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील त्याच्या आत्याच्या जुन्या वाड्याची आठवण काढली. तयार प्रीसेटमागे धावण्यापेक्षा खऱ्या दगडी वास्तूचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे ती जागा आवाज कशी घुमवते याचे ध्वनिमुद्रण, घ्यावा आणि तोच रिव्हर्ब म्हणून वापरावा, असे ठरले. फुगा फोडण्यापेक्षा साइन स्वीप चांगला, असे माझे ठाम मत आहे: २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणाऱ्या स्वरात खूप अधिक ऊर्जा मावते, आणि स्वीप घातांकी असेल तर स्पीकरची स्वतःची विकृती डीकन्व्होल्यूशननंतर (ध्वनिमुद्रणातून स्वीप गणिताने वजा करून जागेचा प्रतिसाद वेगळा काढल्यावर) मूळ प्रतिसादाच्या आधी वेगळी पडते, ती कापून टाकता येते. त्याची एक खोड मात्र आहे. स्वीप चालू असताना ई-रिक्षाचा भोंगा वाजला किंवा दार आपटले, तर तो क्षणिक आवाज निकालात उतरत्या शिट्टीसारखा पसरतो. त्यामुळे भर दुपारची सामसूम गाठावी लागली. आत्याबाईंनी माजघरातून विचारले, “अरे, पंपाची मोटर बिघडली का?”

जिना आणि चौक, दोन्ही मोजले. बंदिस्त जिन्यातला नाद भरदार आहे, परंतु खालच्या पट्टीत तो घुमतो. चौक वरून उघडा असल्यामुळे बराचसा आवाज आकाशात निघून जातो. भिंतींवरचे सुरुवातीचे परावर्तन स्पष्ट मिळते आणि शेपूट लवकर संपते. समोरासमोरच्या भिंतींमुळे आलेला फडफडणारा प्रतिध्वनी स्पीकर तिरका ठेवल्यावर पुष्कळ कमी झाला. गिटारवर चौक लावला आणि स्नेअरच्या प्रत्येक ठोक्याला रिव्हर्ब किंचित दबेल असा साइडचेन कॉम्प्रेसर जोडला, तेव्हा ब्लास्ट बीटमध्ये रिफचा एकेक आघात सुटा ऐकू आला. त्या रात्री तो भाग आम्ही पुन्हा पुन्हा लावून बसलो, कामासाठी नव्हे, निव्वळ सुखासाठी.

रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा रियाव्हर्ब हा प्लगिन या कामाला पुरेसा आहे; महागड्या प्लगिनांच्या नादी लागू नये. दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून मागवलेली ‘स्टुडिओ दर्जा’ची केबल मात्र ५० हर्ट्झचा गुणगुणाट मुक्तहस्ते पुरवते, ती आता टेबलफॅनमागच्या तारा बांधायला वापरतो.

जिन्याचा प्रतिसाद गायनासाठी राखून ठेवला होता. हे लिहीत असतानाच मनात आले की, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये नुसता तानपुरा त्याच जिन्यातून वाजवावा आणि कीबोर्डवरचा कोरस संपूर्ण काढून टाकावा. ख्यालाच्या या गावात तानपुरा मागायला लाजावे लागत नाही; तो कशासाठी हवा हे सांगताना मात्र शब्द जपून निवडावे लागतात. मित्राला कोरस प्रिय आहे, त्यामुळे यावर भांडण अटळ आहे.

या बदलाने कॅसेटचे गणितही हलते. सी-६० कॅसेटच्या प्रत्येक बाजूला तीस मिनिटे मिळतात आणि पहिल्या बाजूवर दोन गाणी व तानपुरा सहज मावतात. तिसरे दीर्घ गाणे एकटेच दुसऱ्या बाजूला जाईल. वरच्या पट्टीतल्या झांजा टेपवर कितपत टिकतात हे मास्टर करण्याआधी पाहायचे आहे. ज्यांच्या कॅसेट डेकचा ॲझिमथ (टेपशी हेडचा कोन) नुकताच जुळवलेला आहे, त्यांनी कळवावे; चाचणीचा मिक्स या आठवड्यातच पाठवतो.