कल्याणचा बिशप आणि कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट

आमच्या वसईत ख्रिस्ती इतिहास म्हटला की किल्ला आणि पोर्तुगीज. मी मात्र आधी कॉस्मसचं नाव घेतो. अलेक्झांड्रियाच्या या व्यापाऱ्याने ५५०च्या सुमारास लिहून ठेवलंय, की कल्लियाना इथे बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. उल्हास नदी कल्याणवरून येते ती आमच्याच खाडीला. त्यामुळे मला हा बिशप गाववाला वाटतो.

बिशप पर्शियाचा, कारण व्यापार तिकडचा. हे उघड आहे. पण पर्शियातलं चर्च रोमी साम्राज्याच्या चर्चपासून इतकं दुरावलं कसं, हे वाचताना जीव तुटतो.

४५१ साली कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेने ठरवलं: ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा. इजिप्त-सीरियात पुष्कळांनी ते नाकारलं. कॉन्स्टँटिनोपलहून रोमी साम्राज्य चालवणाऱ्या सम्राट झेनोने ४८२ मध्ये ‘हेनोटिकॉन’ हे पत्र काढून ‘एक स्वभाव की दोन’ हा प्रश्नच टाळला. इजिप्तमधले कडवे दुरावलेच, वर रोमच्या पोपशी ३५ वर्षं फाटलं. ४८९ मध्ये त्याच झेनोने दोन स्वभावांवर भर देणारी एडेसाची धर्मविद्येची शाळा बंद केली. तिथली विद्या सरहद्दीपलीकडे, पर्शियाच्या निसिबिसमध्ये फुलली.

मग सम्राट जस्टिनियन. कॅल्सिडनच्या विरोधकांना जवळ आणायचं म्हणून त्याने ५५३च्या परिषदेत दोन स्वभावांवर भर देणाऱ्या, म्हणून त्यांना नकोशा असलेल्या, मॉप्सुएस्टियाच्या बिशप थिओडोरला धिक्कारलं. थिओडोर ४२८ मध्येच वारला होता, तोही चर्चमध्ये राहून, मानाने. सव्वाशे वर्षांनी मेलेल्या माणसावर शाप! त्यासाठी पोप व्हिजिलियसला कॉन्स्टँटिनोपलला नेऊन वर्षानुवर्षं दबावाखाली ठेवलं. एवढं करून विरोधक परतले नाहीत, उलट उत्तर इटलीत अक्विलेयाचं चर्च फुटलं. हे मला अन्यायाचं वाटतं, जस्टिनियनचा हेतू कितीही चांगला असो. पर्शियाच्या चर्चमध्ये तर थिओडोर म्हणजे बायबलचा थोर भाष्यकार. कल्याणच्या बिशपानेही त्याचीच भाष्यं अभ्यासली असणार.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्याच पर्शियन चर्चचा वारसा चालवणाऱ्या पूर्वेच्या असिरियन चर्चचे पॅट्रिआर्क (प्रमुख) मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: ख्रिस्ताविषयी आपली श्रद्धा एकच आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मी ही तारीख पाठ करायला लावतो.