शुक्रवारचं तिकीट

१८ एप्रिल २०२५, शुक्रवार. शेजारच्या बाईंनी सिनेमाची चार तिकिटं काढली होती आणि आम्ही होतो तिघी. चौथं तिकीट त्यांच्या नणंदेचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ती येणार नाही, हे चार दिवस आधीच कळलं होतं. मी म्हटलं, परत करू या ना, मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे. बाईंनी मान हलवली. "राहू दे बेबी. खुर्ची रिकामी राहील, पण तिकीट तर मोजलं जाईल."

ओकलंडला येऊन मला अकरा वर्षं झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं हे शहर. बाई सत्तरी ओलांडलेल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या महायुद्धात इथे जहाजबांधणीला माणसं हवी होती, तेव्हा त्यांचे आईवडील लुइझियानातून आले. शेतावरच्या मजुरीतून सुटण्याची ती संधी होती. त्या काळी असे हजारो कृष्णवर्णीय इथे आले. बाई मला मुलीसारखं वागवतात, माझ्या हातची पुरणपोळी आवडीने खातात आणि सिनेमाच्या बाबतीत माझं काही चालू देत नाहीत. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा सिनेमा असेल तर पहिल्याच शुक्रवारी, थिएटरात जाऊनच बघायचा. 'ओटीटीवर येईल की' हे वाक्य त्यांच्यासमोर मी एकदाच उच्चारलं.

मला वाटायचं, हा त्यांचा हौसेचा भाग असेल. त्यामागचा हिशेब त्यांनीच समजावला. इथे सिनेमाचं नशीब शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत ठरतं. सोमवारी थिएटरवाले आकडे बघतात आणि पुढच्या शुक्रवारपासून कुणाला किती पडदे द्यायचे ते ठरवतात. गल्ला कमी असेल तर खेळ सकाळी अकराला ढकलले जातात, मग सिनेमा उतरतोच. एवढ्यावर थांबत नाही. एखाद्या गोऱ्या दिग्दर्शकाचा सिनेमा पडला तर तो सिनेमा पडतो. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पडला तर 'असे सिनेमे चालत नाहीत' असं म्हणतात, आणि त्याच्या मागे संधीची वाट बघत थांबलेल्या अशाच पाच जणांची दारं बंद होतात. त्या पाच जणांसाठी बाई नणंदेचं तिकीट परत करत नव्हत्या.

आम्ही गेलो ते ग्रँड लेक थिएटर १९२६ चं आहे. शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी खेळाआधी तिथे कुणीतरी खरोखरचा ऑर्गन वाजवतं, आणि लोक त्यालाही टाळ्या देतात. सिनेमा होता 'सिनर्स'. दिग्दर्शक रायन कूगलर, जन्म ओकलंडचा, १९८६ चा. म्हणजे इथल्या लोकांसाठी घरचाच मुलगा.

या मुलाची ओळख मला सिनेमाच्याही आधी रेल्वे स्टेशनवर झाली. कामाला जाताना मी फ्रूटव्हेल स्टेशनवर गाडी पकडते. १ जानेवारी २००९ च्या पहाटे तिथल्या फलाटावर रेल्वे पोलिसाने ऑस्कर ग्रँट या २२ वर्षांच्या तरुणाला गोळी घातली. तो पालथा पडलेला होता, हातात काही नव्हतं. गाडीतल्या प्रवाशांनी मोबाईलवर ते टिपलं. स्टेशनच्या भिंतीवर आता त्याचं मोठं चित्र आहे, शेजारच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. कूगलरने त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या दिवसावर पहिला सिनेमा केला, 'फ्रूटव्हेल स्टेशन', आणि त्याचं चित्रीकरण त्याच फलाटावर झालं. २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा असे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. मला त्यातला मुलगा आईला फोन करतो, बहिणीच्या वतीने आईसाठी वाढदिवसाचं कार्ड घेतो, ते सगळं अजून आठवतं. बातमीत तो फक्त 'मृत तरुण' होता. सिनेमात त्याला अख्खा एक दिवस मिळाला.

त्यानंतर २०१८ चा 'ब्लॅक पँथर'. कृष्णवर्णीय कलाकारांचे सिनेमे परदेशात खपत नाहीत, हे हॉलिवूडचं जुनं पालुपद. या सिनेमाने जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. त्याच्या वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळालं. त्या त्या विभागात ते मिळवणाऱ्या दोघी पहिल्या कृष्णवर्णीय. साल २०१९. ऑस्कर सुरू होऊन नव्वद वर्षं होत आली होती.

बाईंना हा इतिहास तोंडपाठ आहे, आणि तो त्या आकड्यांत सांगत नाहीत, टेबलांत सांगतात. १९४० मध्ये हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. तो सोहळा लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात होता, तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने शब्द टाकून तिला आत घेतलं आणि सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर बसवलं. तिथून उठून ती पुरस्कार घ्यायला गेली. बाई म्हणतात, "आम्हाला पुरस्कारही मिळतो, पण टेबल कुठे आहे ते आधी बघावं लागतं." २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना गेली, तेव्हा एप्रिल रेन या कृष्णवर्णीय स्त्रीने केलेल्या एका हॅशटॅगमधून मोठी ओरड झाली आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीला आपले सभासद कोण आहेत याकडे बघावंच लागलं. हॅले बेरीला २००२ मध्ये मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तो मान मिळालेली कृष्णवर्णीय स्त्री अजून ती एकटीच.

एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली आणि ती मनातून जात नाही. रंगीत फोटो छापताना रंग जुळवायला कोडॅक कंपनी एक नमुना-फोटो पाठवायची. त्यात असायची गोरी मुलगी. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर. त्यामुळे गडद कातडीचे चेहरे वर्षानुवर्षं नुसते काळपट डाग आले, त्यात डोळे आणि दात तेवढे दिसायचे. फिल्म सुधारायला मोठा जोर लागला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींचा. त्यांना तपकिरी रंगाच्या छटा नीट दिसायला हव्या होत्या! हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातला फोटो स्टुडिओ आठवला. दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेले तर फोटोवाले काका आईला म्हणाले, "थोडी उजळ करून देतो, वहिनी." आई गप्प बसली. फॉर्मवर जी चिकटवली ती मी नव्हतेच. 'सिनर्स'मध्ये भर दुपारच्या उन्हात, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, अगदी अंधारातही प्रत्येक चेहऱ्याची छटा वेगळी दिसते. मी कथा सोडून कितीतरी वेळ नुसते चेहरेच बघत होते.

सिनेमा पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर कमावून पहिल्या क्रमांकावर आला. तरी व्यवसायाच्या बातम्या देणाऱ्या काहींचा सूर 'पण खर्च कधी निघणार' असाच होता. बाई संतापल्या. पुढच्या शनिवारी चर्चमधल्या आठ जणींना घेऊन पुन्हा गेल्या. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या सिनेमांची कमाई बरेचदा निम्म्यावर येते. याची जेमतेम पाच-सहा टक्के उतरली. कूगलरने स्टुडिओशी करार करतानाच पंचवीस वर्षांनी सिनेमाची मालकी आपल्याकडे येईल अशी अट घातली होती. मला यातली ही अट सगळ्यात मोलाची वाटते. पडद्यावर चेहरा दिसणं एक, आणि रिळाचा मालक असणं दुसरं.

सिनेमा घडतो १९३२ च्या मिसिसिपीत, क्लार्क्सडेल गावात. आजच्या क्लार्क्सडेलमध्ये एकही सिनेमागृह नाही. ज्यांची गोष्ट, त्यांनाच ती बघायला दुसऱ्या गावी जावं लागणार होतं. गावकऱ्यांनी जाहीर पत्र लिहून मागणी केली आणि मे महिन्याच्या अखेरीस गावच्या सभागृहात पडदा लावून सिनेमा दाखवला गेला. कूगलर स्वतः तिथे गेला.

हे सगळं मी एवढं का लिहितेय, असं माझ्या संभाजीनगरच्या मैत्रिणी विचारतील. 'पँथर' हा शब्द मी ओकलंडच्या आधी ऐकला, आमच्याच घरात. माझे बाबा मिलिंद कॉलेजात शिकत होते तेव्हा दलित पँथरच्या मोर्चांना जायचे. १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्याच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी आपलं नाव घेतलं. ज्या शहराचं नाव बाबांनी विशीत वर्तमानपत्रात वाचलं, तिथे त्यांची लेक घरभाडं भरते. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, शाळेत असताना एका धाकट्या भावाला घेऊन त्या पँथरवाल्यांच्या मोफत न्याहारीला जायच्या.

२०१४ मध्ये 'फँड्री' लागला तेव्हा बाबांनी आईला आणि दोन्ही काकांना ओढत नेलं होतं, तेही पहिल्याच शुक्रवारी. त्यांना कुणी आठवड्याच्या गल्ल्याचं गणित शिकवलं नव्हतं.

'सिनर्स' बघून त्या रात्री घरी आल्यावर मी बाबांना फोन केला. तिकडे शनिवारची दुपार होती. सिनेमा कसा होता हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "हाउसफुल होतं का गं?"

"हो बाबा. एक खुर्ची रिकामी होती, पण तिचंही तिकीट काढलेलं होतं."