सॉफ्टवेअरला दिसलेला रेझ्युमे

सीनियर क्वालिटी इंजिनिअरची जागा बरेच दिवस रिकामी होती आणि क्वालिटीचे विभागप्रमुख वैतागले होते. त्यांना आम्ही सगळे साहेबच म्हणतो. मी पाठवलेली शॉर्टलिस्ट चाळून ते फोन वगैरे न करता थेट माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, यातला एकही माणूस माझ्या कामाचा नाही. आणि त्या बाईंनी अर्ज केलाय म्हणून मला स्वतः सांगितलं होतं. त्यांचं नाव कुठाय?"

त्या बाई म्हणजे साहेबांच्या आधीच्या नोकरीतल्या सहकारी. मी नावाने शोधलं, तर अर्ज सापडला. स्थिती 'अपात्र', आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: एकूण अनुभव किमान अटीपेक्षा कमी. पुढे सिस्टिमने काढलेला अनुभव होता, एक वर्ष आणि काही महिने.

"काहीतरीच काय! मीच त्यांना दहा वर्षं ओळखतो."

आठ वर्षांची अट साहेबांनीच आग्रहाने घालायला लावली होती, हे मी त्या क्षणी बोलले नाही. खुर्ची ओढून त्यांना शेजारी बसवलं आणि अर्ज उघडला.

ज्यांनी भरतीची बाजू आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही कंपनीच्या करिअर पानावर रेझ्युमे चढवता तेव्हा तो बहुतेक ठिकाणी एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. हे सॉफ्टवेअर फाइलमधली अक्षरं उपसून काढतं आणि त्यांची वाटणी करतं: हे नाव, हा हुद्दा, ही कंपनी, या तारखा, ही कौशल्यं. त्यातून उमेदवाराचं एक कार्ड तयार होतं. आम्ही दिवसभर शोधतो, चाळतो ते मुख्यतः या कार्डांमध्ये. मूळ फाइल एका क्लिकवर असते, पण त्या क्लिकपर्यंत पोहोचायला आधी कार्ड नजरेत यावं लागतं. 'सॉफ्टवेअर ७५ टक्के रेझ्युमे परस्पर नाकारतं' हे वाक्य सगळीकडे फिरतं, त्याचा उगम मात्र कुणी दाखवत नाही. माझ्या पाहण्यात सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने क्वचितच कुणाला नाकारतं. नाकारतात ते आम्ही लावलेले चाळणीचे प्रश्न: अनुभव किती, अमुक परवाना आहे का, रुजू कधी होणार. उत्तर अटीत बसलं नाही की अर्ज बाजूला पडतो. बाकीचे अर्ज नाकारले जात नाहीत, ते शोधात वर येत नाहीत इतकंच. उमेदवाराच्या दृष्टीने दोन्हीचा परिणाम एकच, हेही खरं.

तर, बाईंची मूळ फाइल. दिसायला देखणी. डावीकडे गडद निळा पट्टा, त्यात फोटो, कौशल्यं आणि प्रत्येक कौशल्यापुढे पाच गोळे, काही भरलेले, काही पोकळ. उजवीकडे 'माय जर्नी' अशा मथळ्याखाली एक उभी रेघ, रेघेवर वर्तुळं आणि वर्तुळांत सालं. साहेब म्हणाले, "चांगला तर आहे की!"

मी सगळा मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला. हा उद्योग कुणालाही घरबसल्या करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. रंग, रेघा, चौकटी गळून पडतात आणि नुसती अक्षरं उरतात. सॉफ्टवेअरच्या हाती साधारण हेच लागतं.

पहिल्या ओळीत 'करिक्युलम व्हिटे'. दुसऱ्या ओळीत डाव्या पट्ट्यातलं 'कॅलिब्रेशन' आणि त्याला चिकटून उजवीकडचा हुद्दा. मग एक सॉफ्टवेअरचं नाव, लगेच एका कंपनीचं अर्धं नाव, मग 'हिंदी, इंग्रजी', मग त्या कंपनीचं उरलेलं अर्धं. दोन रकाने आडव्या ओळीत एकत्र वाचले गेले होते. भरलेल्या गोळ्यांच्या जागी एल हे इंग्रजी अक्षर आणि पोकळ गोळ्यांच्या जागी एम. हे गोळे विंगडिंग्ज नावाच्या चिन्हांच्या फॉन्टमधले. डोळ्यांना गोळा दिसतो, पण आत साधं अक्षरच साठवलेलं असतं.

सगळ्यात मोठा घोळ सालांचा. वर्तुळांतली सालं प्रत्येकी वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये होती, त्यामुळे ती नोकऱ्यांपासून सुटून मजकुराच्या अगदी शेवटी एका रांगेत येऊन पडली: २०१३ २०१७ २०२१ २०२४. कुठलं साल कुठल्या नोकरीचं, हे सॉफ्टवेअरने कशावरून ओळखायचं? सध्याच्या नोकरीच्या वर्णनात तेवढं 'मार्च २०२४ पासून' असं वाक्यातच लिहिलेलं होतं. सिस्टिमने तेवढीच नोकरी मोजली, अर्जातला अनुभवाचा रकाना आपणहून भरला आणि बाईंनी तो न बघता पुढे ढकलला. आपोआप भरलेला फॉर्म कोण वाचतं म्हणा. पण चाळणीने उचललं ते त्याच रकान्यातलं उत्तर.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनजवळ वाकले. "हे 'सर्टि' पुढे काय झालं?"

ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. 'सर्टिफाइड', 'व्हेरिफिकेशन', 'स्पेसिफिकेशन' या इंग्रजी शब्दांमधली एफ आणि आय ही जोडी जिथे जिथे होती, तिथे मोकळी जागा. काही फॉन्ट ही दोन अक्षरं जोडून एकच सुबक आकृती छापतात. पीडीएफ बनवताना त्या आकृतीमागे कुठली अक्षरं आहेत याची नोंद नीट झाली नाही, तर कॉपी करताना ती गळून पडते. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर ईमेलमध्ये चिकटवून ज्यांनी रोमन अक्षरांचा कचरा पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावायला नको: दिसणं आणि साठवलेलं असणं या दोन निराळ्या गोष्टी. आमच्या शोधात 'व्हेरिफिकेशन' हा शब्द होता. बाईंच्या रेझ्युमेत तो चार ठिकाणी छापलेला आणि सॉफ्टवेअरच्या लेखी एकदाही नाही. म्हणजे अनुभवाची चाळणी नसती तरी त्या शोधात तळालाच राहिल्या असत्या.

सगळीच सॉफ्टवेअरं इतकी भाबडी नसतात, हेही सांगायला हवं. हल्लीची काही दोन रकाने नीट ओळखतात. पण आपला अर्ज कुठल्या सॉफ्टवेअरपुढे जाणार हे उमेदवाराला माहीत नसतं, त्यामुळे सगळ्यात भाबड्याला कळेल असं लिहिलेलं बरं.

मग साहेबांनी विचारलं, "आणि यादीत पहिला आलेला हा कोण?"

त्या उमेदवाराचं कार्ड शोधाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं. कार्डातला मजकूर खाली सरकवत नेला, तर शेवटी ओळखीचं काहीतरी दिसू लागलं. आमचीच जाहिरात. 'आम्ही शोधत आहोत' पासून 'अर्ज करण्याची अंतिम तारीख' पर्यंत अख्खी. जाहिरातीत आमच्याकडून 'कॅलिब्रेशन'चं एक स्पेलिंग चुकलं होतं, तेसुद्धा जसंच्या तसं. मूळ पीडीएफ उघडली तर पानाच्या तळाशी काहीच दिसेना. माउसने ओढून पाहिल्यावर पांढऱ्यावर पांढरी, मुंगीएवढ्या अक्षरांची पट्टी निळी झाली. ही युक्ती सुचवणारे सल्लागार जागोजागी आहेत. त्यांना कार्डात रंग नसतात एवढीही माहिती नसते. तिथे सगळंच काळं, सगळंच एका मापाचं. जे लपवलं ते आमच्यासमोर मोठ्या अक्षरांत येतं.

साहेब खो खो हसले आणि म्हणाले, "काढा याला." मला वाईट वाटलं, कारण त्या मुलाचा खरा तीन-चार वर्षांचा अनुभव बरा होता आणि धाकट्या हुद्द्यासाठी मी त्याला नक्की विचारलं असतं. पण लपवाछपवी एकदा दिसली की बाकीच्या ओळींवरही विश्वास बसत नाही. क्वालिटीसारख्या विभागात तर नाहीच नाही.

दुपारी बाईंना फोन केला. अपात्रच्या कप्प्यातून अर्ज बाहेर काढणं माझ्या हातात होतं, ते मी कारणाची नोंद करून केलं. पण मुलाखतीच्या पॅनलवरचे बाकीचे लोक कार्डच बघणार होते आणि कार्डात तो काला तसाच राहिला असता. म्हणून नवी फाइल मागितली. बाई आधी जरा दुखावल्याच. "ताई, हा मी पैसे देऊन करून घेतलाय हो." मग मी त्यांनाही नोटपॅडची करामत करायला सांगितली. थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाल्या, "अगं बाई, माझी कंपनीच फाटलीये!"

संध्याकाळपर्यंत आम्ही फोनवरूनच ते काम केलं, आणि साहेब येता-जाता डोकावत होते. एकच रकाना ठेवला. फोटो, पट्टा, गोळे गेले. नाव, फोन, ईमेल पानाच्या हेडरमध्ये न ठेवता मुख्य मजकुरात घेतले, कारण काही सॉफ्टवेअर हेडर-फुटर वाचतच नाहीत. 'माय जर्नी'चं 'वर्क एक्सपिरियन्स' झालं. प्रत्येक नोकरीच्या ओळीतच हुद्दा, कंपनी आणि महिन्यासकट तारखा. काय कुठे बिघडू शकतं हे आधीच तपासायच्या पद्धतीसाठी आम्ही 'एफएमईए' शोधू की 'फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अ‍ॅनालिसिस' हे बाईंना कसं कळणार? म्हणून पहिल्यांदा दोन्ही लिहिलं, पुढे नुसतं छोटं रूप. फॉन्ट साधा आणि फाइल थेट वर्डमधून काढलेली. ठळक अक्षरं, साधे बुलेट, नेहमीची समासाची जागा हे सगळं राहू दिलं. त्याने कुठल्याच सॉफ्टवेअरचं पोट बिघडत नाही आणि माणसाच्या डोळ्याला ते हवंच असतं.

माणसाच्या डोळ्यावरून आठवलं. द लॅडर्स या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने २०१२ मध्ये ३० भरतीकारांच्या नजरेचा माग काढला होता. रेझ्युमेवरची पहिली नजर सरासरी ६ सेकंदांची निघाली. २०१८ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा ७.४ सेकंद. तीस माणसांवरून जगाचे नियम काढू नयेत, पण त्या दुपारी साहेबांची नजर मी शेजारून पाहत होते आणि ती तशीच पळत होती: सध्याचा हुद्दा, कंपनी, तारखा, त्याआधीचा हुद्दा, शिक्षण. मधला परिच्छेद त्यांनी वाचलाच नाही. 'डायनॅमिक अँड रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल' या सुरुवातीवर तर नजर क्षणभरही थांबली नाही.

थांबली ती दुसऱ्या पानाच्या तळाशी. तिथे ट्रॉफीच्या चित्राशेजारी एका चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एका पुरवठादाराकडून येणाऱ्या मालाची तपासणीपद्धत बाईंनी बदलली आणि त्या भागाचं रिजेक्शन निम्म्याहून खाली आलं. "हे इथे का दडवलंय?" साहेब जवळजवळ ओरडलेच. "मला हेच तर हवंय!" ती ओळ उचलून आम्ही संबंधित नोकरीखाली पहिल्या बुलेटवर आणली: काय बदललं, कशाने मोजलं, किती फरक पडला. 'डायनॅमिक' उडवलं आणि वर तीन ओळींत किती वर्षं, कुठल्या प्रकारच्या उत्पादनात, कुठल्या मानकांवर काम केलं ते लिहिलं. रेझ्युमे तरीही दोन पानांचा झाला. एका पानात कोंबण्याचा हट्ट मी धरला नाही. दहा-अकरा वर्षांच्या कामाला दोन पानं जास्त नाहीत.

जाता जाता अनुभवाच्या अटीचा विषय मी साहेबांकडे काढलाच. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांचा २०२१ चा एक अहवाल आहे. त्यातल्या पाहणीत ८८ टक्के नोकरीदात्यांनी कबूल केलं होतं की जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून लायक, कुशल उमेदवारही प्रक्रियेतून बाहेर फेकले जातात. साहेब म्हणाले, "आकडे सांगू नका, करायचं काय ते सांगा." अनुभवाच्या प्रश्नाचं उत्तर रेझ्युमेवरून आपोआप न भरता उमेदवाराने स्वतः निवडावं, आणि आठ वर्षांखालच्यांना बाहेर न काढता फक्त खूण करावी, एवढं आम्ही ठरवलं. पहिलं त्यांनी लगेच मानलं. दुसऱ्यावर जरा कुरकुर केली. "म्हणजे मला आणखी कार्डं वाचायची." वाचायची, म्हटलं.

बाईंनी फोन ठेवण्याआधी विचारलं, तो जुना रेझ्युमे आता टाकूनच द्यायचा का. मी म्हटलं, रेघेवरची सालं नोकऱ्यांच्या ओळीत आणा आणि ठेवा की. ओळखीच्या माणसाला थेट पाठवायला किंवा कुणाच्या हातात छापून द्यायला त्याचं काही वावडं नाही. फक्त 'अपलोड करा' असं लिहिलेलं दिसलं की साधा वापरा, आणि सबमिट दाबण्याआधी आपोआप भरलेले रकाने एकदा वरून खालपर्यंत वाचा.

नवी फाइल रात्री आली, सकाळी मी ती सिस्टिममध्ये चढवली. अनुभव बरोबर मोजला गेला होता, तारखा जागच्या जागी होत्या, 'व्हेरिफिकेशन' चारही ठिकाणी शोधात उजळलं. बाईंच्या दुसऱ्या नोकरीच्या कंपनीच्या नावात मात्र 'इंजिनिअर्स' हा शब्द होता, तो सॉफ्टवेअरने हुद्दा समजून कार्डावर लावला. तेवढं मी हाताने दुरुस्त केलं आणि कार्ड पॅनलकडे पाठवून दिलं.