घोडा, ६४ घरं आणि अडलेले कोपरे

बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर एकटा घोडा ठेवायचा आणि अडीच घरांच्या चालीने ६४ च्या ६४ घरं फिरायची, एकही घर दोनदा नाही. सुरुवातीला पन्नासेक घरं मस्त होतात आणि मग गाडी अडते, कारण कोपरे मागे राहिलेले असतात. ए१ च्या कोपऱ्यात (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) शिरायला बी३ आणि सी२ ही दोनच घरं, ती आधीच वापरून टाकली की खेळ खल्लास! यावर वॉर्न्सडॉर्फ नावाच्या एका जर्मन माणसाने १८२३ मध्ये भारी आयडिया दिली, उडी मारायच्या आधी समोरच्या प्रत्येक घरातून पुढे किती वाटा उरतात ते मोजा आणि सगळ्यात कमी वाटा असलेलं घर घ्या. म्हणजे अडचणीची घरं आधीच उरकतात. मोजायचा कंटाळा येतो राव, पण बहुतेक वेळा जमतंच. दोन घरांच्या वाटा सारख्या आल्या तर मात्र आपलं डोकं लावा.