इमर्जन्सी नेमकी कुठून लागते?
गोव्यात कुंडईच्या आमच्या शेडमधल्या जुन्या मिलिंग मशीनचा मूळ कंट्रोल मेला, तेव्हा मी त्यावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं. फुकटचं, सोर्स खुला. मशीन झकास चालायचं. अडचण एकच: बिघडलं की मलाच बोलवायचं, कारण वायरिंगचा नकाशा माझ्या डोक्यात.

गेल्या पावसाळ्यात ऑपरेटरचा फोन. "दादा, परत इमर्जन्सी लागली. रिसेट केलं की चालतं, अर्ध्या तासाने परत." मी पेडण्यात, चवथीच्या बाजारात, दोन्ही हातांत गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान. फोनवर काय सांगणार? इमर्जन्सी म्हणजे मशीन आपोआप बंद. तिच्या साखळीत दोन लाल बटणं, तीन अक्षांच्या टोकांना मशीन थांबवणारे सहा लिमिट स्विच, सगळे एकाच 24 व्होल्टच्या वायरीत एकामागून एक. कुठलाही सुटला तरी स्क्रीनवर तेच. मीटर लावेपर्यंत तो परत जुळलेला.

हॅलस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं लिनक्ससीएनसीचं साधन, लावून सापडलं असतं, पण तो ऑपरेटरच्या हातात द्यायची सोय नाही. चवथ आटोपल्यावर बसलो. साखळीला हात लावला नाही. मशीन थांबवायचं काम तारेचंच, ते सॉफ्टवेअरवर टाकायचं नाही. फक्त प्रत्येक स्विचच्या पुढून एक वायर काढून इनपुट कार्डावर नेली आणि पायव्हीसीपी या त्यातल्याच पॅनेल काढायच्या सोयीने स्क्रीनच्या कडेला आकडे घातलेले आठ दिवे काढले. साखळी तुटली की तिथून पुढचे सगळे दिवे लाल होतात, म्हणजे लाल दिव्यांत सगळ्यांत लहान आकड्याचा तो चोर.

पहिल्या खेपेला फसलो. तुटणं क्षणाचं, ऑपरेटर मान वळवेपर्यंत सगळे दिवे हिरवे! मग हॅलमध्ये, म्हणजे लिनक्ससीएनसीत सिग्नल जोडतात त्या भागात, प्रत्येकाला लॅच दिला: एकदा लाल झाला की रिसेटपर्यंत लालच. सर्वो थ्रेड, म्हणजे सॉफ्टवेअरची ठरावीक वेळाने होणारी फेरी, दर 1 मिलिसेकंदाला इनपुट वाचतो आणि साखळी तुटल्यावर मशीन बंद करणारा रिले पडायला त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा मशीन थांबवणारं काही निसटत नाही. तेच आकडे वायरींच्या टोकांना घातले आणि पॅनेलच्या दारात आतून मराठीत तक्ता चिकटवला. वेळ खरा याच कामात गेला.

आठवड्याने फोन. "दादा, 5 पासून पुढचे लाल."

"तक्त्यात बघ, 5 काय?"

"वाय, मागचा लिमिट."

त्यानेच कव्हर काढलं, फोटो पाठवला. टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवा कळंक, आत पाणी. केबलचं तोंड वर होतं. तसं बसवलेलं मीच.