लाल माती आणि युरियाची चिमूट

परवा बाल्कनीतली मिरचीची कुंडी रिकामी केली तर माती अख्खीच्या अख्खी विटेसारखी बाहेर आली, खुरपं मारलं तर टण्ण आवाज. तीन वर्षांपूर्वी दादरहून आणलेली लाल माती, दर पंधरा दिवसांनी युरियाची चिमूट, शेणखत मात्र नाही कारण शेजारच्या काकूंना वास येतो, काय करणार.

कोकणात, केरळात, आफ्रिकेत शेतांचं असंच होतं, फक्त सावकाश. ही माती लाल का, तर लाखो वर्षांच्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलंय आणि मागे लोह-अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड उरलेत. तिच्यातली चिकणमाती खत फारसं धरत नाही, जी काय पकड असते ती बरीचशी कुजलेल्या पाल्याची, ह्युमसची. आणि वर्षानुवर्षं नांगरायचं, पीक काढून न्यायचं, परत काही घालायचं नाही, म्हटल्यावर उष्ण हवेत तो ह्युमस भराभर संपतो. मग युरिया वाढवायचा. युरियाने माती आंबट होते, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकी माती आंबट) 5.5 च्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकंच खुंटतात. बरं, फॉस्फरस घाला, तर तो लोहाला चिकटून बसतो! शेतकरी म्हणतो खत लागू पडत नाही, दुकानदार म्हणतो अजून एक गोणी न्या.

जांभा, म्हणजे अशाच लाल मातीचा दगड, तर उघडा पडला की आणखी कडक होतो, फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने 1807 मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव दिलं तेही विटेच्या लॅटिन शब्दावरूनच.

कुंडीतलं ढेकूळ फोडून गांडूळखत घातलंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही.