जुना डेस्कटॉप, दोन ४के मॉनिटर आणि एक अनुस्वार

एका देवस्थानच्या स्मरणिकेत 'देवीच्या चरणी शतशः वंदन'च्या जागी 'शतशः वदन' छापून आलं. वदन हाही खरा शब्द, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तो सोडला. आणि माझ्या साडेएकवीस इंची फुल एचडी पडद्यावर अनुस्वाराचा ठिपका गेलेला मला दिसलाच नाही. चूक माझीच. फोंड्याला घरी बसून मी बावीस वर्षं मराठी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

त्या पडद्यावर एका इंचात चित्राचे साधारण १०२ ठिपके (पिक्सेल) बसतात, सत्तावीस इंची ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या पडद्यावर १६३. देवनागरी दिवसभर वाचणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. 'सर्वात' आणि 'सर्वांत' हे दोन शब्द घ्या. कान्याच्या डोक्यावर आधीच रफार बसलेला, त्याला चिकटून अनुस्वार. जुन्या पडद्यावर दोन्हींचा मिळून एकच काळा डाग दिसायचा. डोळे ताणून, पान मोठं करून, पुन्हा लहान करून बघायचं. तीनशे पानांच्या पुस्तकात असं किती वेळा करणार?

मला दोन मॉनिटर हवे होते, एकावर लेखकाचं हस्तलिखित, दुसऱ्यावर पान. पण संगणक २०१४ साली घेतलेला. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड), ४ जीबी रॅम. वरच्या बाजारातल्या दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "बाय, नवोच घे." मॉनिटरांवर एवढा खर्च केल्यावर नव्या संगणकाला पैसे उरत नव्हते, आणि चालतं यंत्र टाकून देणं मला पटतही नव्हतं.

पहिला मॉनिटर आणून मदरबोर्डच्या एचडीएमआयला, म्हणजे पडद्याची केबल लावायच्या खाचेला, जोडला. चित्र आलं, अक्षरं काय सुरेख दिसली! पण माउस हलवला की बाण मागून ओढल्यासारखा यायचा. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने सेटिंग उघडून दाखवलं, "मावशी, हे ३० हर्ट्झवर चाललंय, चित्र सेकंदाला तीसदाच बदलतंय." बोर्डाचं एचडीएमआय १.४ प्रकारचं होतं, त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १०.२ गिगाबिट जातात. ४के पडदा ६० हर्ट्झवर चालवायला एचडीएमआय २.० लागतं, त्याची क्षमता १८ गिगाबिट, नाहीतर डिस्प्लेपोर्ट १.२ ही दुसऱ्या प्रकारची जोडणी. म्हणजे ग्राफिक्स कार्ड घेणं आलं.

कार्ड निवडताना सगळ्यात जास्त वेळ गेला. माझी एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी, जुनी, तिला कार्डासाठी वेगळी वायर नाही. जे काय मिळेल ते मदरबोर्डवरच्या कार्डाच्या स्लॉटमधून, फार तर ७५ वॉट. शेवटी जीटी १०३० हे कार्ड घेतलं, ते ३० वॉटमध्ये भागवतं. पण घेताना खोका नीट वाचा. या एकाच नावाने जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा वेगवेगळ्या मेमरीची दोन कार्डं मिळतात आणि दुसरं बरंच मंद आहे. काहींवर डिस्प्लेपोर्टच नसतो, त्याऐवजी डीव्हीआय ही जुनी जोडणी असते. ती आपल्या उपयोगाची नाही. स्वस्त म्हणून जीटी ७१० सुचवतील, पण त्याच्या एचडीएमआयवरही ४के ३० हर्ट्झच मिळतं.

सोबत डीडीआर३ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, या बोर्डाला १६च्या वर चालत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, लावली.

आषाढातला पाऊस कोसळत होता तेव्हा कॅबिनेट उघडलं. आतली धूळ दमट होऊन चिखलासारखी चिकटली होती. सगळं बसवून बटण दाबलं तर पडदा काळा आणि नुसते बीप. माझ्या पोटात गोळा आला. भाच्याने वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. पट्ट्या कुणाच्या तरी वापरातल्या होत्या. कडेचे सोनेरी दात आपल्या दमट हवेने निस्तेज झाले होते. साध्या शाळेच्या खोडरबराने त्याने ते हलक्या हाताने घासले, चुरा रंगाच्या ब्रशने झटकला आणि पट्टी दोन्ही बाजूंनी 'खट' वाजेपर्यंत दाबली. संगणक सुरू झाला.

मग नवंच. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर स्थिर, एचडीएमआयवरचा दर काही मिनिटांनी क्षणभर काळा व्हायचा. मी कार्डाला दोष देत दोन दिवस घालवले. केबल निघाली! दुकानातून मिळालेली ती केबल ६० हर्ट्झचा भार पेलत नव्हती. 'प्रीमियम हाय स्पीड' छापलेली आणली आणि त्रास थांबला.

स्केलिंग, म्हणजे पडद्यावर सगळं किती मोठं दिसावं ते, १५० टक्के ठेवलं आहे. पानं लावायचा माझा जुना प्रोग्रॅम त्यात धूसर दिसत होता. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची सेटिंग बदलल्यावर स्पष्ट झाला. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून या संगणकाला इंटरनेट जोडत नाही. मेल लॅपटॉपवर, फाइली पेन ड्राइव्हने. यूपीएसची बॅटरीही बदलून घेतली, कारण पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

त्याच देवस्थानच्या पुढच्या स्मरणिकेचा मजकूर परवा आला. डावीकडे मूळ कागद, उजवीकडे पान. सध्या सहाव्या पानावर आहे.